फिलिस न्तान्ताला : वर्णभेदाच्या राजवटीतील एका सुशिक्षित कृष्णवर्णीय स्त्रीचे जीवन, लेखन आणि देशत्याग

प्रास्ताविक

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या राजवटीविषयी आपल्या महाविद्यालयीन अभ्यासात जी चर्चा होते ती बहुतांशी मोजक्या नावांभोवती फिरते. नेल्सन मंडेला, वॉल्टर सिसुलू, स्टीव्ह बिको, डेस्मंड टूटू ही ती नावे होत. स्त्रियांचा उल्लेख आला तरी तो विनी मंडेला यांच्यापाशी येऊन थांबतो. तुरुंगवास, गोळीबार, खटले आणि मोर्चे यांच्या इतिहासात, ज्यांना तुरुंगात डांबले गेले नाही परंतु ज्यांचे जगणेच हळूहळू अशक्य करण्यात आले, अशा सुशिक्षित कृष्णवर्णीय कुटुंबांची हकीकत मागे राहते. प्रस्तुत लेखात अशाच एका स्त्रीच्या, फिलिस न्तान्ताला (१९२०-२०१६) यांच्या जीवनाचा व लेखनाचा परिचय करून द्यावयाचा आहे. त्या शिक्षिका होत्या, निबंधकार होत्या, आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ लाइफ्स मोझेइक' या आत्मचरित्राच्या लेखिका होत्या. परंतु संदर्भग्रंथांत त्यांची ओळख बहुधा खोसा भाषेतील थोर कादंबरीकार ए. सी. जॉर्डन यांच्या पत्नी, किंवा १९९४ नंतरच्या मंत्रिमंडळातील पॅलो जॉर्डन यांच्या आई, अशीच करून दिली जाते. या ओळखीवर त्यांचा स्वतःचा आक्षेप होता आणि आत्मचरित्र लिहिण्यामागे तेही एक कारण होते.

शिक्षणाने माणूस मुक्त होतो हे आपण अध्यापक मंडळी सहसा गृहीत धरतो. ज्या देशात राज्यकर्त्यांनी शिक्षणालाच दास्याचे साधन बनविण्याचा कायदा केला, त्या देशातील एका शिक्षिकेच्या चरित्राच्या आधारे हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे.

जन्म, वर्ग आणि मिशनरी शिक्षण

फिलिस न्तान्ताला यांचा जन्म ७ जानेवारी १९२० रोजी ट्रान्स्काय प्रदेशातील इडुटीवा (आताचे डुटीवा) या परिसरात झाला. त्यांचे घराणे जमीनजुमला बाळगून असलेले, सुखवस्तू होते. आपण दारिद्र्यातून वर आलो असा आव त्यांनी कोठेही आणलेला नाही. उलट आपण ग्रामीण जमीनदार वर्गातील आहोत असे त्या मोकळेपणाने सांगतात. या कबुलीला महत्त्व आहे, कारण त्यांच्या पुढील निवडींचा अर्थ तिच्यामुळेच लागतो. वर्णभेदाच्या राजवटीतही सरकारशी जुळवून घेणाऱ्या सुशिक्षित, सुस्थित कृष्णवर्णीयांसाठी एक बरा मार्ग उपलब्ध होता. सरदारकी, सरकारी शाळेतील मुख्याध्यापकी, पुढे 'स्वदेश' म्हणविल्या गेलेल्या बांटुस्तानांतील पदे, असा तो मार्ग. त्यांच्या वर्गातील अनेकांनी तो पत्करला.

ट्रान्स्काय हा प्रदेश केवळ निसर्गरम्य ग्रामभाग नव्हता. १९१३ च्या नेटिव्ह लँड अ‍ॅक्टने देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी सुमारे सात टक्के भूमी राखून ठेवली आणि अन्यत्र जमीन विकत घेण्यास त्यांना मनाई केली. १९३६ च्या कायद्याने ही मर्यादा सुमारे तेरा टक्क्यांपर्यंत वाढविण्याचे ठरले. ट्रान्स्काय हा या राखीव क्षेत्रांपैकी सर्वांत मोठ्या सलग भागांपैकी एक. एकीकडे जमीन अपुरी आणि दुसरीकडे झोपडीपट्टी व डोईपट्टी रोख रकमेत भरावयाची, अशा कात्रीत सापडलेल्या पुरुषांना सोन्याच्या खाणींकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मिशनरी संस्थांचे शिक्षण हा या प्रदेशाचा दुसरा चेहरा. लव्हडेल, हील्डटाऊन आणि १९१६ साली स्थापन झालेले फोर्ट हेअर महाविद्यालय या संस्थांतून दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय मध्यमवर्ग घडला. मेथडिस्ट पंथाच्या हील्डटाऊन येथे फिलिस शिकल्या आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावर, अगदी लहान वयात, फोर्ट हेअर येथे दाखल झाल्या. तेथे विद्यार्थिनींची संख्या अत्यल्प होती. या संस्थांविषयी दोन टोकांची मते मांडली जातात. एका मतानुसार त्या साम्राज्यसत्तेच्या आज्ञाधारक सेवकांचे कारखाने होत्या. दुसऱ्या मतानुसार स्वातंत्र्यचळवळीचे सारे नेतृत्व त्यांनीच दिले. प्रस्तुत लेखकास ही दोन्ही मते अर्धी वाटतात. मिशनरी शिक्षणाने इंग्रजी वाङ्मय, इतिहास आणि नागरिकत्वाची भाषा दिली, आणि ज्या समाजात ती भाषा वापरावयाची त्या समाजाने नागरिकत्वच नाकारले होते. या विसंगतीतून जे असमाधान निर्माण झाले ते कोणत्याही पाठ्यक्रमात लिहिलेले नव्हते.

पदविका घेतल्यानंतर फिलिस ऑरेंज फ्री स्टेट प्रांतातील क्रूनस्टाड येथे शिक्षिका झाल्या. तेथील शाळेतच ए. सी. जॉर्डन अध्यापन करीत होते. १९४० साली त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी जॉर्डन यांची 'इंगुम्बो येमिन्यान्या' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ट्रान्स्कायमधील गावाकडून आलेल्या तरुणीला क्रूनस्टाडने शहराच्या कडेची कृष्णवर्णीय वस्ती, गोऱ्या घरांतील मोलकरणी, परवान्यांची तपासणी हे निराळे जग दाखविले. याच प्रांतात १९१३ साली स्त्रियांनी पासेसच्या सक्तीविरुद्ध मोठा प्रतिकार केला होता, हे येथे नमूद करावयास हवे.

केपटाऊनमधील वर्षे

जॉर्डन प्रथम फोर्ट हेअर येथे आणि १९४६ मध्ये केपटाऊन विद्यापीठात आफ्रिकी भाषांचे अध्यापक म्हणून गेले. १९५६ साली त्यांना त्या विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली, ही पदवी तेथे मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी होत. फिलिस यांनीही त्याच विद्यापीठातून 'नेटिव्ह लॉ अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या विषयाची पदविका घेतली. ज्या कायद्यांनी आपल्याला बांधले आहे त्यांचाच पद्धतशीर अभ्यास करण्याची ही निवड लक्षणीय आहे. १९२७ च्या नेटिव्ह अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अ‍ॅक्टने रूढीनुसार विवाहित व पतीसह राहणारी कृष्णवर्णीय स्त्री पतीच्या पालकत्वाखालील अज्ञान व्यक्ती मानली होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अशी शिकलेली प्रौढ स्त्रीही आयुष्यभर अल्पवयीनच.

या काळात जॉर्डन दांपत्य 'नॉन-युरोपियन युनिटी मूव्हमेंट' या १९४३ साली स्थापन झालेल्या संघटनेशी व केप प्रांतातील आफ्रिकी शिक्षकांच्या संघटनेशी निगडित होते. युनिटी मूव्हमेंटचे मुख्य सूत्र 'असहकार' हे होते. परंतु हा शब्द आपल्या परिचयाच्या गांधीप्रणीत अर्थाने घेऊ नये. वर्णाधारित दुय्यम संस्थांमध्ये, म्हणजे सल्लागार मंडळे, नेटिव्ह प्रतिनिधिमंडळे इत्यादींत, कोणत्याही कारणाने सहभागी व्हावयाचे नाही, असा तो आग्रह होता. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर ही संघटना तडजोडीचा आरोप करीत असे, तर काँग्रेसचे कार्यकर्ते तिला शिक्षकांची वादसभा म्हणून हिणवीत. या टीकेत काही तथ्य होते. तथापि वर्णभेदाची वैचारिक चिकित्सा, विशेषतः शिक्षणाच्या प्रश्नावर, या गटाइतकी कसून दुसऱ्या कोणी क्वचितच केली असेल.

राखीव क्षेत्रातील विधवा

१९५८ साली 'आफ्रिका साउथ' या त्रैमासिकात फिलिस यांचा 'द विडोज ऑफ द रिझर्व्ह्ज' हा निबंध प्रसिद्ध झाला. रोनाल्ड सीगल हे केपटाऊनमधून हे त्रैमासिक काढीत. १९६० मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि पुढील अंक लंडनहून निघाले. न्तान्ताला यांचे सर्व लेखन बाजूला ठेवले आणि हा एकच निबंध उरला, तरी त्यांचे स्थान अबाधित राहील असे म्हणता येईल.

निबंधातील 'विधवा' या पतीच्या निधनाने विधवा झालेल्या नाहीत. त्यांचे पती जिवंत आहेत, जोहान्सबर्गच्या खाणींत, केपटाऊनच्या गोदीत, कारखान्यांत, मळ्यांवर. खाणमजुराला ठरावीक महिन्यांच्या कराराने नेले जाई, तेथे त्याला फक्त पुरुषांसाठी बांधलेल्या आवारात ठेवले जाई आणि करार संपला की परत पाठविले जाई. पत्नीला व मुलांना सोबत नेण्याची मुभा नव्हती. १९५२ च्या दुरुस्तीनंतर विहित पात्रता नसलेल्या कृष्णवर्णीय व्यक्तीला शहरी क्षेत्रात बहात्तर तासांहून अधिक काळ परवान्याविना राहता येत नसे. १९५० च्या दशकात पासेस स्त्रियांनाही लागू करण्यास प्रारंभ झाला. त्याविरुद्ध ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियातील सरकारी मुख्यालयावर चालून गेल्या होत्या. केप प्रांताच्या पश्चिम भागातून आफ्रिकींना क्रमशः बाहेर काढून तेथील कामे 'कलर्ड' मजुरांना देण्याचे धोरण १९५५ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे पतीच्या मागे केपटाऊनला आलेल्या स्त्रियांना पुन्हा राखीव क्षेत्रात पाठविले जाऊ लागले. न्तान्ताला केपटाऊनमध्येच राहत होत्या आणि हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

या व्यवस्थेचे अर्थशास्त्र सरळ होते. मजुराचे बालपण, आजारपण आणि वार्धक्य यांचा खर्च राखीव क्षेत्रातील शेतीने उचलावयाचा, म्हणजे खाणमालकाला त्याला एकट्यापुरते वेतन देऊन भागविता येई. ही शेती करावयाची कोणी? तर मागे राहिलेल्या स्त्रीने. नांगरट, गुरे, घराची डागडुजी, मुलांचे आजार, सासू-सासऱ्यांची देखभाल, येईल किंवा न येईल अशा पैशांची वाट पाहणे, हे सारे तिच्या माथी. निर्णयाचा भार तिचा, परंतु निर्णयाचा अधिकार कायद्याने नसलेल्या पतीचा. पुढे सत्तरच्या दशकात स्वस्त मजूर आणि राखीव क्षेत्रे यांच्या संबंधावर हॅरॉल्ड वोल्प आदी अभ्यासकांनी जी सैद्धांतिक मांडणी केली तिचा मानवी आशय न्तान्ताला यांनी कितीतरी आधी, आकडेवारीचा आधार न घेता, स्त्रीच्या दिनक्रमातून उभा केला होता. पतिविरहाकडे त्या रूढीचा किंवा नशिबाचा भाग म्हणून पाहत नाहीत. तो सरकारी धोरणाने घडविलेला आहे, हे त्या दाखवून देतात. लैंगिक एकाकीपणासारखा त्या काळच्या सभ्य लेखनात न येणारा विषयही त्यांनी टाळलेला नाही.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. निबंधातील स्त्रिया बोलतात त्या लेखिकेच्या वाक्यांतून. त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हते, आणि लेखिका त्यांच्याच भूमीतील असली तरी तिचा पती विद्यापीठात अध्यापक होता व तिच्याबरोबर एकाच घरात राहत होता. हे अंतर न्तान्ताला यांना ठाऊक होते. म्हणूनच की काय, निबंधात दयेचा सूर लागत नाही, संतापाचा लागतो. लँग्स्टन ह्यूज यांनी १९६० साली संपादित केलेल्या 'अ‍ॅन आफ्रिकन ट्रेझरी' या संग्रहात हा निबंध समाविष्ट झाला. अशा रीतीने लेखिकेच्या आधी तिचा निबंध अमेरिकेत पोहोचला होता.

बांटू शिक्षण आणि मातृभाषेचा पेच

१९५३ च्या बांटू एज्युकेशन अ‍ॅक्टने कृष्णवर्णीयांच्या शाळा मिशनरी संस्थांकडून काढून सरकारच्या नेटिव्ह खात्याच्या ताब्यात दिल्या. त्या खात्याचे मंत्री हेंड्रिक फेरवूर्ट यांनी १९५४ साली सिनेटमध्ये सांगितलेला हेतू निःसंदिग्ध होता : विशिष्ट प्रकारच्या श्रमापलीकडे युरोपीय समाजात बांटूंना स्थान नाही, तेव्हा त्यांना त्यापलीकडचे शिक्षण देण्यात अर्थ नाही. सर्वसाधारण महसुलातून या शिक्षणासाठी द्यावयाची रक्कम वार्षिक पासष्ट लाख पौंडांवर गोठविण्यात आली. वाढता खर्च कृष्णवर्णीयांच्याच करांतून भागवावयाचा होता. विद्यार्थिसंख्या वाढत गेली आणि दरडोई खर्च घसरत गेला.

मराठी अध्यापकांना विशेष विचार करावयास लावणारा भाग माध्यमाचा आहे. या कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण सक्तीचे झाले. आपल्या अनुभवावरून आपण म्हणू की हे स्वागतार्ह धोरण होय. परंतु ज्या जॉर्डन यांनी खोसा भाषेत श्रेष्ठ कादंबरी लिहिली, तिच्या व्याकरणावर प्रबंध सादर केला आणि तिच्या वाङ्मयाचा इतिहास मांडला, ते ज्या शिक्षक संघटनेत होते तिनेच या सक्तीला कडाडून विरोध केला. याचे कारण भाषेविषयीची अनास्था हे खचितच नव्हते. खोसा माध्यमातून शिकलेल्या मुलाला खोसा ग्रंथालय, खोसा न्यायालय, खोसा विद्यापीठ काहीच उपलब्ध नव्हते. इंग्रजीची दारे मात्र बंद होणार होती. शिवाय भाषांच्या आधारे खोसा, झुलू, सोथो अशी वेगवेगळी 'राष्ट्रे' उभी करून बहुसंख्याकांचे विभाजन करण्याचा डाव त्यामागे होता. मातृभाषेचे शिक्षण मुक्तिदायी ठरते की बंदिस्त करणारे, हे त्या भाषेच्या वाट्याला कोणती सत्ता आली आहे यावर अवलंबून असते, असा निष्कर्ष यातून काढता येईल. न्तान्ताला यांनी १९६० साली 'आफ्रिका साउथ'मध्ये बांटू शिक्षणाच्या गर्तेविषयी स्वतंत्र लेख लिहिला.

विरोध करणाऱ्यांपुढील पेचही खरा होता. १९५५ साली ईस्ट रँड भागात शाळांवर बहिष्कार टाकण्यात आला, तेव्हा सरकारने हजारो मुलांची नावे कायमची कमी केली. वाईट शाळा की शाळाच नाही, हा पालकांपुढील प्रश्न. अनेक शिक्षक बडतर्फ झाले, काहींनी राजीनामे दिले, बहुतेक नोकरीत राहिले. नोकरीत राहिलेल्या शिक्षकांना सरसकट शरणागत ठरविणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. १९७६ साली सोवेटोत रस्त्यावर उतरलेली पिढी अशाच शाळांमधून बाहेर पडली होती.

१९५९ साली आणखी दोन कायदे झाले. एकाने केपटाऊन व विटवॉटर्सरँड यांसारख्या विद्यापीठांची दारे मंत्र्यांच्या अनुज्ञेविना कृष्णवर्णीयांना बंद केली. दुसऱ्याने फोर्ट हेअर सरकारच्या ताब्यात घेऊन ते खोसा भाषकांपुरते मर्यादित केले. प्राध्यापक झेड. के. मॅथ्यूज यांनी तेथील पदाचा राजीनामा दिला. फिलिस जेथे शिकल्या ते महाविद्यालय आणि त्यांचे पती जेथे शिकवीत होते ते विद्यापीठ, दोन्हींचे स्वरूप एकाच वर्षात बदलले. त्यांना चार मुले होती.

देशत्याग

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ जण ठार झाले. ३० मार्च रोजी केपटाऊनच्या लांगा वस्तीतून फिलिप क्गोसाना यांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीस हजारांचा मोर्चा शहरात आला आणि त्याच दिवशी आणीबाणी जाहीर झाली. १९६१ साली जॉर्डन यांना अमेरिकेतील विद्यापीठांना भेट देण्यासाठी कार्नेगी संस्थेचे अनुदान मिळाले. सरकारने पारपत्र नाकारले. उरला तो 'एक्झिट परमिट'चा मार्ग. हा परवाना देश सोडण्याची अनुमती देत असे, परत येण्याची देत नसे. परतल्यास तो गुन्हा ठरे. जॉर्डन गेले आणि पाठोपाठ कुटुंबही गेले. प्रथम लॉस एंजेलिस व नंतर मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास झाला.

परागंदा जीवनाविषयी लिहिताना केवळ विरहव्यथेवर भर देण्याची प्रथा आहे. न्तान्ताला यांच्या बाबतीत कायदेशीर बाजूही ध्यानात घ्यावी. २६ ऑक्टोबर १९७६ रोजी ट्रान्स्कायला 'स्वातंत्र्य' देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेखेरीज जगातील कोणत्याही राष्ट्राने त्यास मान्यता दिली नाही. परंतु त्या अन्वये ट्रान्स्कायशी जोडल्या गेलेल्या लक्षावधी लोकांचे दक्षिण आफ्रिकी नागरिकत्व मायदेशात बसल्याजागी गेले. ज्यांना परत येण्यास मनाई होती त्यांचे मूळ गावच आता कागदोपत्री परदेशात गेले होते.

जॉर्डन यांचे १९६८ साली मॅडिसन येथे निधन झाले. त्याच वर्षी केपटाऊन विद्यापीठाने आर्ची माफेजे या कृष्णवर्णीय मानववंशशास्त्रज्ञाला देऊ केलेले पद सरकारच्या दडपणाखाली मागे घेतले. फिलिस त्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. जॉर्डन यांचे लोककथांचे संकलन आणि खोसा वाङ्मयाच्या उदयावरील ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९८० साली लव्हडेलच्या मुद्रणालयाने काढले. त्यावर भाषांतरास साहाय्य करणारी म्हणून प्रिसिला पी. जॉर्डन हे नाव आहे. या प्रिसिला म्हणजे फिलिसच होत. निबंधकार फिलिस न्तान्ताला आणि भाषांतर-साहाय्यक प्रिसिला जॉर्डन या एकच, हे ग्रंथालयाची सूची चाळणाऱ्यास कळावयाचे नाही. पत्नीचे बौद्धिक श्रम 'साहाय्य' या शब्दात मावतात, ही रीत आपल्याही विद्वत्क्षेत्रास अपरिचित नाही.

त्यांचे पुत्र पॅलो हे आई-वडिलांच्या संघटनेत न जाता आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये गेले आणि तिच्या 'रेडिओ फ्रीडम'चे काम पाहू लागले. १७ ऑगस्ट १९८२ रोजी मापुतो येथील एदुआर्दो मोंदलाने विद्यापीठात दक्षिण आफ्रिकी हेरांनी पाठविलेल्या टपाल-बाँबचा स्फोट होऊन रूथ फर्स्ट ठार झाल्या. त्याच खोलीत पॅलो जॉर्डन जखमी झाले. देश सोडल्याने राजवटीच्या टप्प्याबाहेर जाता येत नव्हते.

आत्मचरित्राविषयी थोडेसे

'अ लाइफ्स मोझेइक' प्रसिद्ध झाले तेव्हा संघटनांवरील बंदी उठून दोन वर्षे झाली होती आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक अद्याप दोन वर्षे दूर होती. ग्रंथाची मांडणी शीर्षकाप्रमाणेच तुकड्यातुकड्यांची आहे. ट्रान्स्कायमधील बालपणाचा भाग सर्वांत सरस उतरला आहे : नातलगांचा गोतावळा, सण, शाळा, वाडवडिलांच्या गोष्टी. राजकीय वादांच्या प्रकरणांत मात्र जुने मतभेद पुन्हा उगाळल्यासारखे वाटतात आणि त्या काळच्या संघटनांची माहिती नसलेल्या वाचकास ती जड जातील. ज्या वर्गातून त्या आल्या त्या वर्गाची चिकित्सा करताना त्यांची लेखणी कोठेही मऊ होत नाही, आप्तांच्या बाबतीतही.

१९९० च्या दशकात केपटाऊन विद्यापीठाने आफ्रिकी अध्ययनासाठी ए. सी. जॉर्डन यांच्या नावे अध्यासन निर्माण केले. १९९६ मध्ये महमूद ममदानी त्यावर नियुक्त झाले. फिलिस न्तान्ताला यांचे १७ जुलै २०१६ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निधन झाले. 'द विडोज ऑफ द रिझर्व्ह्ज' हा निबंध इंग्रजीतील कोणत्याही आफ्रिकी गद्यसंग्रहाबरोबर पदव्युत्तर वर्गात शिकविता येण्याजोगा आहे, आणि मराठीत त्याचे भाषांतर व्हावयास हवे.